जुन्या बोटीच्या इंजिनाचा चोक : दोष कोठे शोधावा?

अमरावती जिल्ह्यातील धामणगाव रेल्वे हे गाव कापसाची बाजारपेठ आणि मुंबई-हावडा लोहमार्गावरील स्थानक म्हणून परिचित आहे. बोट, वल्ही आणि सागरी इंजिने यांच्याशी या गावाचा संबंध प्रथमदर्शनी जाणवत नाही. तथापि, तालुक्याच्या पूर्व सीमेवरून वर्धा नदी वाहते आणि पलीकडच्या काठापासून वर्धा जिल्हा सुरू होतो. मध्य प्रदेशातील मुलताईजवळ सातपुड्यात उगम पावणारी ही नदी उन्हाळ्यात क्षीण दिसते, पावसाळ्यात मात्र तिचे रूप पालटते. मोर्शी तालुक्यातील सिंभोरा येथील अप्पर वर्धा धरणाचे दरवाजे उघडले, की खालच्या अंगाच्या गावांना सावधगिरीचा इशारा दिला जातो. अशा वेळी पाण्याने वेढलेल्या वस्तीपर्यंत पोहोचण्याचे साधन म्हणजे बोट, आणि त्या बोटीचे बळ म्हणजे तिच्या मागील फळीला लटकवलेले आउटबोर्ड इंजिन.

या नदीने दिलेल्या आघातांची स्मृती विदर्भात ताजी आहे. ३० जुलै १९९१ रोजी नागपूर जिल्ह्यातील मोवाड हे गाव वर्धेच्या पुरात सापडले आणि २०४ जणांचा बळी गेला. १४ सप्टेंबर २०२१ रोजी वरूड तालुक्यातील झुंज येथे याच नदीत नाव उलटून ११ जणांना प्राण गमवावे लागले. या दोन्ही दुर्घटनांचा इंजिनाच्या बिघाडाशी संबंध नव्हता. मात्र, नदीकाठच्या जिल्ह्यांत सुस्थितीतील बोट हाताशी असणे किती आवश्यक आहे, हे त्यांतून स्पष्ट होते.

अडचण अशी, की अशी बोट वर्षातील बहुतेक महिने कोठारात पडून असते. पूर येतो त्या दिवशी ती बाहेर काढली जाते, इंजिनाची दोरी ओढली जाते आणि इंजिन सुरू होत नाही. ‘चोक खराब झाला’ असे निदान तात्काळ केले जाते. प्रत्यक्षात अनेकदा चोक निर्दोष असतो. दोष इंधनाच्या वाटेवर अन्यत्र असतो आणि चोकच्या वागण्यातून तो केवळ प्रकट होतो. हा फरक ओळखता आला, तर दुरुस्ती सोपी होते. ओळखता आला नाही, तर चालू झालेले इंजिनही भर प्रवाहात जाम होण्याचा धोका राहतो.

आउटबोर्ड म्हणजे काय?

इंजिन, उभा दांडा, गिअर आणि पंखा हे सर्व एकाच जोडणीत सामावलेले आणि बोटीच्या बाहेर, मागील बाजूस स्क्रूने आवळून बसविता येणारे यंत्र म्हणजे आउटबोर्ड मोटार. आपत्ती निवारण पथकांच्या बोलीत तिला ‘ओबीएम’ म्हणतात. नॉर्वेत जन्मलेले अमेरिकन यंत्रज्ञ ओले एव्हिन्रूड यांनी १९०९ मध्ये अशी मोटार व्यापारी तत्त्वावर विक्रीस आणली आणि हा प्रकार जगभर रुजला. जपानमध्ये तोहात्सूने १९५६ मध्ये, तर यामाहाने १९६० मध्ये आपली पहिली आउटबोर्ड मोटार बाजारात आणली. एव्हिन्रूड या नावाच्या मोटारींचे उत्पादन मे २०२० मध्ये थांबले. त्यामुळे त्या बनावटीच्या जुन्या मोटारींसाठी सुटे भाग मिळविणे अधिक कष्टाचे झाले आहे.

नव्या मोटारींपैकी बऱ्याच चार स्ट्रोकच्या असून त्यांत संगणकाच्या नियंत्रणाखाली इंधन फवारले जाते. तेथे हाताने ओढावयाचा चोक नसतो. जुन्या मोटारी मात्र बहुधा दोन स्ट्रोकच्या आणि कार्ब्युरेटर असलेल्या आहेत. वजनाने हलक्या, रचनेने साध्या आणि सामान्य हत्यारांनी उघडता येणाऱ्या असल्यामुळे त्या आजही वापरात आहेत. पुढील विवेचन याच जुन्या मोटारींविषयी आहे.

चोकचे कार्य

पेट्रोल द्रवरूपात जळत नाही. त्याची वाफ हवेत मिसळून जळते. साधारणपणे वजनाने १ भाग पेट्रोलाच्या पूर्ण ज्वलनास सुमारे १४.७ भाग हवा लागते. इंजिन थंड असताना पेट्रोलाचा बराच अंश वाफ न होता नळीच्या आणि सिलिंडरच्या थंड भिंतींवर चिकटून राहतो. त्यामुळे ठिणगीजवळ पोहोचणारे मिश्रण जळण्यास अपुरे ठरते. यावर उपाय म्हणजे सुरुवातीच्या काही क्षणांपुरते मिश्रणातील पेट्रोलाचे प्रमाण वाढविणे.

कार्ब्युरेटरच्या तोंडाशी, हवा आत येते त्या बाजूस, एक गोल पातळ चकती आडव्या दांड्यावर बसविलेली असते. मोटारीच्या पुढील बाजूची मूठ ओढली, की ही चकती फिरून हवेची वाट जवळजवळ बंद करते. हवा अडल्याने आतील दाब कमी होतो आणि जेटमधून पेट्रोल अधिक प्रमाणात खेचले जाते. इंजिन पेटल्यावर मूठ आत ढकलली, की चकती पुन्हा हवेच्या प्रवाहाला समांतर होते. चोक म्हणजे हवेचा गळा क्षणभर आवळणे. इंजिनाला कायम आवळलेल्या गळ्याने चालविणे अभिप्रेत नसते.

विदर्भातील हवामान उष्ण असले, तरी पावसाळ्यात, रात्रभर ओल्या हवेत राहिलेल्या मोटारीला पहिल्या ओढीसाठी चोक लागतोच. उलट, नुकत्याच बंद केलेल्या गरम इंजिनाला चोक दिल्यास पेट्रोल साचून ते अडून बसते.

चकती की जादा इंधनाची वाट?

चोक या एकाच नावाखाली दोन भिन्न रचना ओळखल्या जातात. पहिली वर वर्णिलेली हवेची चकती. दुसऱ्या रचनेत चकती नसते; मूठ ओढल्यावर जादा पेट्रोलाचा एक स्वतंत्र मार्ग उघडतो. बजाज चेतकसारख्या जुन्या स्कूटरमध्ये ही दुसरी रचना होती. काही जुन्या आउटबोर्ड मोटारींत, विशेषतः जॉन्सन आणि एव्हिन्रूड बनावटीच्या नंतरच्या नमुन्यांत, चकतीऐवजी विजेवर चालणारा प्रायमर आढळतो. किल्ली आत दाबली, की तो थोडे पेट्रोल थेट इंजिनात सोडतो. मोठ्या मोटारींत चकती असते, पण ती विद्युतचुंबकाने ओढली जाते.

दुरुस्तीस हात घालण्यापूर्वी आपल्यासमोर कोणती रचना आहे, हे पाहणे अगत्याचे ठरते. चकती असलेल्या मोटारीत दोष हवेच्या बाजूस शोधावा लागतो. प्रायमर असलेल्या मोटारीत इंधनाच्या आणि विजेच्या बाजूस.

वऱ्हाडातील कारागिरांच्या दृष्टीने हा मुद्दा महत्त्वाचा आहे. १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज ६ मानके लागू झाली आणि नव्या दुचाकींतून कार्ब्युरेटर जवळजवळ हद्दपार झाला. त्यानंतर या व्यवसायात आलेल्या तरुणाच्या हाताखालून चोक क्वचितच गेलेला असतो. शेतकऱ्याच्या परिचयाचे डिझेल इंजिन हवेच्या दाबाने पेट घेते. त्याला चोक नसतोच. याउलट, कपाशीवर आणि संत्र्याच्या बागेत वापरल्या जाणाऱ्या पेट्रोलवरील फवारणी पंपाचे छोटे इंजिन बहुधा दोन स्ट्रोकचे असते. तेलमिश्रित पेट्रोल, चोकची कळ, दोरीने सुरू करणे ही सर्व वैशिष्ट्ये त्यात आढळतात. आउटबोर्ड मोटारीचा स्वतंत्र कारागीर तालुक्याच्या ठिकाणी मिळत नाही; तेव्हा फवारणी पंप दुरुस्त करणारा अनुभवी मिस्त्री हा त्याच्या सर्वांत जवळचा ठरतो.

दोरी ओढण्यापूर्वी

चोकवर ठपका ठेवण्यापूर्वी पाच गोष्टी तपासाव्यात. त्यासाठी दोन मिनिटे पुरतात.

१. टाकीच्या झाकणावरील हवेचा स्क्रू उघडा आहे का? तो बंद असल्यास टाकीत पोकळी निर्माण होते आणि पेट्रोल येणे थांबते. इंजिन सुरू होऊन काही मिनिटांत बंद पडते, ते अनेकदा यामुळेच.

२. इंधनाच्या नळीतील रबरी फुग्यावरचा बाण इंजिनाकडे आहे का? फुगा दाबत गेल्यावर तो टणक झाला पाहिजे.

३. सुरक्षा-दोरीची पट्टी बंद करण्याच्या बटणावर बसविलेली आहे का? ती निघालेली असल्यास ठिणगी पडत नाही आणि कितीही ओढले तरी इंजिन सुरू होत नाही.

४. गिअर न्यूट्रलमध्ये आणि गतीची मूठ ‘सुरू’च्या खुणेवर आहे का?

५. टाकीतील पेट्रोल ताजे आहे का? गेल्या पावसाळ्यातील पेट्रोल असल्यास पुढील तपासणीला अर्थ उरत नाही. ते प्रथम बदलावे.

यानंतर चोक पूर्ण ओढून दोरी प्रथम सावकाश, अडकेपर्यंत आणि मग झटक्याने ओढावी. दोन-तीन ओढींत इंजिन खोकल्यासारखा आवाज करते. तो आवाज होताच चोक अर्धा आत ढकलावा आणि पुन्हा ओढावे. आवाज न होता पाच-सहा ओढी झाल्या, तर थांबावे आणि प्लग काढून पाहावा.

प्लग काय सांगतो?

स्पार्क प्लग हा या तपासणीतील सर्वांत प्रामाणिक साक्षीदार होय. चोक ओढून पाच-सहा वेळा दोरी ओढल्यावरही प्लग कोरडा असेल, तर पेट्रोल सिलिंडरपर्यंत पोहोचत नाही. अशा वेळी चोकची चकती मिटत नसावी किंवा इंधनाचा पुरवठा खंडित असावा. प्लग पेट्रोलाने ओला असेल, तर इंधन भरपूर येत आहे. दोष ठिणगीत आहे किंवा चोक उघडत नाही.

एकाहून अधिक सिलिंडर असलेल्या मोटारीत सर्व प्लग शेजारी ठेवून पाहावेत. काही मोटारींत प्रत्येक सिलिंडरला स्वतंत्र कार्ब्युरेटर असतो आणि सर्व चकत्या एकाच सळईने जोडलेल्या असतात. त्या जोडणीचा एक प्लास्टिकचा तुकडा निखळला, तर एक चकती मिटते आणि दुसरी उघडीच राहते. एक प्लग ओला आणि दुसरा कोरडा, हे त्याचे सरळ लक्षण आहे.

पहिले लक्षण : चोक मिटत नाही

थंड इंजिन मुळीच दाद देत नाही आणि प्लग कोरडा राहतो. वरचे झाकण व हवेच्या तोंडावरील पेटी काढून कोणा सहकाऱ्यास मूठ ओढावयास सांगावे आणि चकतीकडे पाहावे. मूठ पूर्ण बाहेर येते, पण चकती अर्धीच फिरते, असे आढळल्यास वायर सैल झालेली, सळई वाकलेली किंवा जोडणीचा खिळा झिजलेला असतो. वायरच्या टोकाचा स्क्रू सैल करून, चकती पूर्ण मिटलेल्या स्थितीत वायर ताणून तो पुन्हा आवळल्यास बहुधा काम भागते. चकतीचे दोन बारीक स्क्रूही पाहून घ्यावेत. ते सैल होऊन इंजिनात ओढले गेले, तर मोठी हानी होते.

चकतीला एखादे बारीक छिद्र किंवा स्प्रिंगचा छोटा पडदा असू शकतो. इंजिन पेटताच त्याला थोडी हवा मिळावी, यासाठी तो मुद्दाम ठेवलेला असतो. तो दोष समजून बुजवू नये.

विद्युतचुंबकाचा चोक किंवा प्रायमर असल्यास किल्ली दाबल्यावर ‘टक्’ असा आवाज येतो का, ते ऐकावे. आवाज नसल्यास बॅटरी, फ्यूज आणि तारांची टोके या क्रमाने पाहावे. हिरवट बुरशीसारखा थर साचलेली टोके घासून स्वच्छ केली, की अनेकदा आवाज परततो. आवाज येऊनही प्लग कोरडा राहत असेल, तर प्रायमरकडे जाणारी बारीक नळी तुंबलेली असते.

दुसरे लक्षण : चोक उघडत नाही

इंजिन सुरू होते. पण दाट धूर ओकते, हळू गतीवर गुदमरते, पूर्ण वेग घेत नाही आणि पेट्रोल अवाजवी लागते. प्लग ओला व काळा असतो. चकतीचा दांडा गंजाने, मातीने किंवा सुकलेल्या तेलाने जाम झालेला असतो, किंवा चकती परत आणणारी स्प्रिंग तुटलेली असते. दांड्याच्या दोन्ही टोकांस गंज सोडविणारे तेल सोडून काही वेळाने हलक्या हाताने हालवावे. पक्कडीने पिळल्यास पितळी दांडा वाकतो आणि चकती कायमची तिरपी होते.

चोक पूर्ण उघडलेला दिसत असूनही हीच लक्षणे राहिली, तर कार्ब्युरेटरच्या वाटीतील तरंगणारा फ्लोट अडकलेला असतो किंवा त्याची सुई झिजून पेट्रोल अखंड वाहत असते. येथे चोकचा काही अपराध नाही.

पेट्रोल साचलेले इंजिन मोकळे करण्यासाठी चोक पूर्ण आत ढकलावा, सुरक्षा-दोरीची पट्टी काढून ठेवावी म्हणजे ठिणगी पडणार नाही, प्लग काढून पुसावेत आणि दोरी सावकाश काही वेळा ओढून आतील पेट्रोल बाहेर जाऊ द्यावे. या वेळी आसपास विडी, दिवा वा इतर ज्वाला असता कामा नये. पेट्रोलाची वाफ हवेहून जड असते. ती बोटीच्या तळाशी साचून राहते.

तिसरे लक्षण : केवळ चोकवरच चालते

हे लक्षण सर्वाधिक फसवे आणि सर्वाधिक घातक आहे. चोक ओढलेला असेतो इंजिन चालते. आत ढकलला, की बंद पडते. ‘चोक थोडा ओढून ठेवा, चालेल’ असा सल्ला अशा वेळी दिला जातो. तो धोक्याचा आहे.

या लक्षणाचा अर्थ असा, की इंजिनाला पुरेसे पेट्रोल मिळत नाही किंवा कोठून तरी जादा हवा शिरते. चोक हवा अडवून ती तूट तात्पुरती झाकतो. दोन स्ट्रोकच्या इंजिनात वंगणाचे तेल पेट्रोलातच मिसळलेले असते. काहींत ते स्वतंत्र पंपाने येते. तेलमिश्रित पेट्रोलावर चालणाऱ्या इंजिनाला पेट्रोल कमी मिळणे म्हणजे तेलही कमी मिळणे होय. हळू गतीवर ही तूट जाणवत नाही. पण प्रवाहाविरुद्ध पूर्ण वेग दिल्यावर पिस्टन तापतो, फुगतो आणि सिलिंडरमध्ये अडकतो. असे इंजिन नदीच्या मध्यावर बंद पडते आणि तेथे दुरुस्त होत नाही.

दोष कोठे आहे, हे रबरी फुग्यावरून समजते. इंजिन गुदमरू लागताच फुगा हाताने दाबावा. त्याने इंजिन सावरले, तर इंधनाच्या पंपाचा पातळ पडदा फाटलेला किंवा ताठरलेला आहे, अथवा पुरवठ्यात अडथळा आहे. फुगा आपोआप चपटा होत असेल, तर अडथळा टाकीकडील बाजूस आहे : हवेचा बंद स्क्रू, टाकीतील गाळणी किंवा आतून सोललेली नळी. फुगा कितीही दाबला तरी मऊच राहत असेल, तर नळीच्या जोडांतून हवा शिरते किंवा फुग्यातील झडप निकामी आहे. फुगा टणक आहे आणि तरीही इंजिन चोक मागते, असे असल्यास दोष कार्ब्युरेटरच्या जेटमध्ये किंवा कार्ब्युरेटर व इंजिन यांच्यामधील गॅस्केटमध्ये आहे.

इंधनाचा वाटा

जुन्या मोटारींच्या तक्रारींत इंधनाचा वाटा मोठा आहे. पेट्रोल काही महिन्यांतच शिळे होते. मार्च ते जून या काळात विदर्भातील पारा ४० अंशांच्या पुढे जातो. पत्र्याच्या छताखालील कोठारात ठेवलेल्या मोटारीच्या कार्ब्युरेटरमधील पेट्रोल उडून जाते आणि मागे तपकिरी, चिकट थर राहतो. हळू गतीचे जेट केसाएवढ्या छिद्राचे असते. ते प्रथम बुजते. हेच उन्हाळ्यातील तापमान रबरी फुग्याला आणि नळ्यांना तडे देते.

इथेनॉलचे मिश्रण हा दुसरा घटक. देशातील पेट्रोलात सरासरी १० टक्के इथेनॉल मिसळण्याचे उद्दिष्ट २०२२ मध्ये आणि २० टक्क्यांचे उद्दिष्ट २०२५ मध्ये गाठले गेले. आउटबोर्ड मोटारींचे बहुतेक निर्माते मात्र १० टक्क्यांपर्यंतच इथेनॉल मान्य करतात. इथेनॉलमध्ये प्राणवायू असल्यामुळे तेवढ्याच जेटमधून मिळणारे मिश्रण पूर्वीपेक्षा विरळ होते. पूर्वी व्यवस्थित चालणारी मोटार आता चोक अधिक वेळ मागते, त्याचे हे एक कारण असू शकते. शिवाय इथेनॉल हवेतील ओलावा शोषतो. ओलावा प्रमाणाबाहेर गेल्यास पाणी आणि इथेनॉल एकत्र होऊन तळाशी बसतात, आणि टाकीची नळी तळातूनच इंधन घेते. जुन्या रबरी नळ्या व पडदेही इथेनॉलने मऊ पडतात किंवा चिरतात.

याची परीक्षा सोपी आहे. टाकीच्या तळातील थोडे इंधन पारदर्शक काचेच्या बाटलीत घेऊन काही वेळ स्थिर ठेवावे. तळाशी वेगळा थर दिसला, तर संपूर्ण टाकी रिकामी करून पुसावी.

तेलाचे प्रमाणही मोटारीवरील पट्टीनुसार किंवा माहितीपुस्तिकेनुसार ठेवावे. अनेक मोटारींना ५० भाग पेट्रोलास १ भाग तेल, म्हणजे १० लिटरला २०० मिलिलिटर लागते. काही जुन्या मोटारींना याच्या दुप्पट. स्कूटरचे टू-टी तेल हवेने थंड होणाऱ्या इंजिनासाठी असते. पाण्याने थंड होणाऱ्या आउटबोर्डसाठी ‘टीसी-डब्ल्यू३’ असा उल्लेख असलेले तेल घ्यावे.

कार्ब्युरेटर उघडताना

काम मोकळ्या हवेत करावे आणि बॅटरी असल्यास तिची तार प्रथम सोडावी. प्रत्येक जोडणीचे छायाचित्र भ्रमणध्वनीवर घेऊन ठेवल्यास पुन्हा जोडताना गोंधळ होत नाही. हळू गतीचा स्क्रू काढण्यापूर्वी तो आत किती फेरे जातो, हे मोजून लिहून ठेवावे. जुळणी करताना तितकेच फेरे बाहेर काढावा.

खालची वाटी काढून तिच्यातील गाळ पाहावा. पांढरी भुकटी म्हणजे पाण्याने धातू खाल्ल्याची खूण. तपकिरी गोंद म्हणजे शिळ्या पेट्रोलाची. जेट कार्ब्युरेटर स्वच्छ करण्याच्या द्रवात भिजवून हवेच्या दाबाने फुंकावेत. पंक्चरच्या दुकानातील हवेची नळीही त्यासाठी चालते. तार किंवा सुई घालून छिद्र कोरू नये. छिद्र किंचित मोठे झाले, तरी मिश्रणाचे प्रमाण कायमचे बिघडते. रबरी व कागदी गॅस्केट काढल्यावर नवीनच घालावेत. सर्व स्वच्छ करूनही इंजिन चोकवरच चालत असेल, तर सिलिंडरमधील दाब मोजून घ्यावा. झिजलेल्या इंजिनाला कार्ब्युरेटरची दुरुस्ती तारू शकत नाही.

पिंपातील चाचणी

आउटबोर्ड मोटार कोरडी चालवू नये. तिच्या खालच्या भागात थंड पाणी खेचणारा रबरी पंखा असतो. पाण्यावाचून तो काही क्षणांतच घासून जळतो. धामणगावात जवळ जलाशय नसला, तरी लोखंडी पिंपाची सोय कोठेही होते. मोटार मजबूत चौकटीवर आवळून तिचा पंखा आणि त्यावरची आडवी पट्टी बुडेल इतके पाणी भरावे. गिअर न्यूट्रलमध्येच ठेवावा. इंजिन सुरू होताच मागील छिद्रातून पाण्याची बारीक धार आली पाहिजे. धार न आल्यास त्वरित बंद करावे.

मोटार थंड असताना चोकवर सुरू होणे, दोन-तीन मिनिटांत चोक पूर्ण आत ढकलल्यावर संथ गतीने चालत राहणे, आणि बंद करून लगेच चोकविना पुन्हा सुरू होणे, या तीन कसोट्या उतरल्या तर चोक व कार्ब्युरेटर यांविषयी निश्चिंत राहता येते. भार घेतल्यावर ती कशी चालते, हे मात्र पाण्यातच समजते. म्हणून पिंपानंतर एखाद्या तलावात बोट उतरवून, जीवरक्षक जॅकेट घालून, पूर्ण वेगाची चाचणी घ्यावी.

नदीत इंजिन बंद पडल्यास

अशा वेळी प्रथम बोट सावरावी, इंजिनाचा विचार नंतर करावा. नांगर टाकावा किंवा वल्ह्यांनी बोटीचे तोंड प्रवाहाकडे ठेवावे. प्रवाशांनी बसून राहावे. गरम इंजिनाला चोक देऊ नये. हवेचा स्क्रू पाहून, फुगा टणक होईपर्यंत दाबून चोकविनाच ओढावे. फुगा दाबत राहिल्याने इंजिन चालत असेल, तर मंद गतीने जवळचा काठ गाठावा. पुढील फेरी करू नये. वल्ही, नांगर, दोर आणि एक सुटा प्लग पान्यासह बोटीत असणे, हे इंजिन कितीही भरवशाचे असले तरी अनिवार्य आहे.

वर्षाचे वेळापत्रक

पावसाळा संपल्यावर मोटार स्वच्छ पाण्यात काही मिनिटे चालवावी. इंधनाची नळी काढून कार्ब्युरेटरमधील पेट्रोल संपू द्यावे आणि वाटीचा निचऱ्याचा स्क्रू उघडून उरलेले थेंबही काढून टाकावेत. प्लगच्या छिद्रातून थोडे तेल सोडून दोरी एक-दोनदा ओढावी. चोकच्या दांड्याला तेलाचा थेंब द्यावा आणि चकती उघडी ठेवावी. टाकी रिकामी ठेवावी. मोटार उभी, सावलीत, उंदरांपासून सुरक्षित ठेवावी.

मे महिन्यात पूर्वतयारीच्या वेळी फुगा, नळ्या, पंपाचा पडदा आणि प्लग पाहून आवश्यक तेथे बदलावेत. ताजे पेट्रोल भरून पिंपातील चाचणी घ्यावी. जून ते सप्टेंबर या काळात आठवड्यातून एकदा मोटार दहा मिनिटे चालविल्यास कार्ब्युरेटरमध्ये गोंद साचण्यास अवसर मिळत नाही. दर वेळी तारीख, चोक किती वेळ लागला आणि किती ओढींत इंजिन सुरू झाले, एवढी नोंद वहीत करावी. मागील आठवड्यात दोन ओढींत सुरू झालेले इंजिन या आठवड्यात सहा ओढी घेत असेल, तर ती बिघाडाची पूर्वसूचना असते आणि पूर येण्याआधी दुरुस्तीस वेळ शिल्लक असतो.

नोंदवहीची ही शिस्त खर्चिक नाही. एक पिंप, थोडे ताजे पेट्रोल, काही रुपयांचे गॅस्केट आणि फवारणी पंपाचे इंजिन जाणणारा एक मिस्त्री, एवढ्या सामग्रीवर जुनी मोटार पावसाळाभर सज्ज राहू शकते. नदी दरवर्षी येते आणि तिची वेळ ठरलेली नसते. इंजिनाच्या तपासणीची वेळ मात्र ठरविता येते.